शर्यतीआधी हात थरथरतात, पंचवीस मीटरमध्येच दम कोंडतो

प्रश्न: मी ४३ वर्षांची. शाळा-कॉलेजात जिल्हा आणि राज्य पातळीवर पोहायचे, शेवटची स्पर्धा २००२ साली. गेलं दीड वर्ष आठवड्यातून चार दिवस पुन्हा तलावावर जाते. सलग दीड किलोमीटर आरामात होतं. सहा आठवड्यांनी होणाऱ्या मास्टर्स (प्रौढांच्या, वयोगटांनुसार होणाऱ्या) स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइल आणि ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला नाव दिलंय. पण मागच्या रविवारी कोच नुसतं टाइमिंग घेऊ म्हणाले, तर हात थरथरायला लागले, सूर मारल्यावर गॉगल निघाला आणि पंचवीस मीटरलाच श्वास कोंडला. इतके लोक बघतायत याचीही लाज वाटली. ही भीती कशी घालवू?

उत्तर: धडधड घालवायच्या मागे लागू नका. ती जाणार नाही आणि पूर्ण जायलाही नको. शर्यतीआधी शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, ठोके वाढतात, त्वचेतलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात आणि थरथरतात. सोळा वर्षांच्या पोरांनाही हेच होतं. फक्त त्यांच्या महिन्या-दोन महिन्यांनी स्पर्धा असतात, त्यामुळे त्यांना ते ओळखीचं झालेलं असतं. तुम्हाला वीस वर्षांहून जास्त काळ ते भेटलेलं नाही.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे पंचवीस मीटरला कोंडलेला श्वास. दीड किलोमीटर सलग पोहणाऱ्या माणसाचा दम पंचवीस मीटरमध्ये संपत नाही. तिथे घडतं ते असं. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे पहिले दहा-बारा हात झेपेल त्यापेक्षा बऱ्याच वेगाने पडतात, आणि त्या क्षणी ते जड वाटत नाहीत, उलट फार छान वाटतं. त्याच वेळी जबडा आणि छाती आवळलेली असल्यामुळे पाण्याखाली श्वास सोडला जात नाही, आत धरून ठेवला जातो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. मग तोंड बाहेर काढल्यावर तेवढ्याशा वेळात आधी सोडायचं आणि मग घ्यायचं अशी दोन कामं पडतात, दोन्ही अर्धवट होतात. डोकं वर उचललं जातं, पाय खाली जातात, पाणी जड लागतं. आणि नेमकं तेव्हा मन म्हणतं, ‘घाबरले मी, मला जमणार नाही.’ आधी वेग आणि श्वास चुकला, घबराट त्याच्या मागून आली. ‘शांत हो’ असं कितीही बजावलं तरी म्हणूनच उपयोग होत नाही. दुरुस्ती पहिल्या दहा हातांत करायची असते.

त्यासाठी दोन सराव. पहिला रोजच्या पोहण्यातच बसतो: ८ वेळा २५ मीटर, मध्ये २० सेकंद विश्रांती, आणि तोंड पाण्यात असताना सगळा वेळ ‘हूंऽऽ’ असा आवाज काढत राहायचं. आवाज चालू आहे म्हणजे हवा बाहेर जाते आहे, तुटला म्हणजे तुम्ही श्वास धरलात. काठावरच्या माणसाला काही ऐकू जात नाही, तेव्हा संकोच नको. दोन आठवड्यांत ही सवय लागते.

दुसरा सराव आठवड्यातून दोनदा, शरीर चांगलं गरम झाल्यावर. काठावर मॅट टाकून किंवा न घसरणारी चप्पल घालून ३० सेकंद भराभर उठाबशा काढा. छाती धडधडायला लागली की लगेच पाण्यात उतरा आणि भिंतीला रेटा देऊन २५ मीटर पोहा, पण सुसाट नाही, तुमच्या शर्यतीच्या ठरलेल्या वेगानेच. मित्र-मैत्रिणीला घड्याळ धरायला सांगा. एक मिनिट थांबून असं सहा वेळा. पहिल्या दिवशी प्रत्येक पंचवीस दोन-दोन सेकंद लवकर संपेल. धडधडत्या छातीनिशी हात आवरून धरता येणं हेच यात शिकायचं. यात सूर मारू नका. आणि पाण्यात जायच्या आधी मुद्दाम भराभर खोल श्वास घेऊन छाती भरायची जुनी खोड असेल तर ती आजच सोडा. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो, श्वास घ्यायची खूण उशिरा मिळते, आणि पाण्याखाली शुद्ध हरपून माणसं दगावलेली आहेत.

आता ठरलेला वेग कसा काढायचा. २५ मीटरच्या तलावात ४ वेळा २५ मीटर, मध्ये फक्त १० सेकंद थांबून, जोरात पण आकार न मोडता पोहा आणि चारही वेळांची बेरीज करा. समजा बेरीज १:२१ आली. सलग शंभर मीटर त्यापेक्षा काही सेकंद हळू जाणार, सूर मारल्याने साधारण दीड-दोन सेकंद परत मिळणार. तेव्हा पहिल्या स्पर्धेसाठी १:२४ हे प्रामाणिक लक्ष्य. त्याची विभागणी साधारण १८.५, २१, २२ आणि २२.५ सेकंद. म्हणजे पहिले ५० मीटर ३९.५ ला आणि दुसरे ४४.५ ला. दोन्ही पन्नासांत तीन ते पाच सेकंदांचा फरक असला तर शर्यत नीट पोहली गेली. आठ-नऊचा फरक पडला तर सुरुवातीलाच उधळपट्टी झाली. स्पर्धा बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावात असेल तर टर्न कमी झाल्याने शंभर मीटरला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. शिवाय तलावाच्या मध्यावर दूरपर्यंत भिंत दिसत नाही, तिथे नवख्यांचा धीर सुटतो. स्पर्धेआधी एकदा तरी अशा तलावात पोहून या.

पहिल्या पंचवीससाठी मनात एकच शब्द ठेवा, ‘लांब’ म्हणा किंवा ‘सोड’ म्हणा. दोन सूचना एकदम डोक्यात राहत नाहीत.

सुराकडे वळू. वीस वर्षांपूर्वीचा सूर शरीराला आठवतो, पण खांदे, कंबर आणि वजन बदललेलं असतं. आधी खोली बघा. स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सूर मारायचा उंच ओटा, असेल तिथे भिंतीपासून १ ते ६ मीटर अंतरात किमान १.३५ मीटर खोली हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सार्वजनिक तलावांत उथळ बाजूला तेवढं पाणी नसतं. तिथे सूर मारून मानेला इजा करून घेऊ नका, खोल बाजूनेच सराव करा, तोही कोच काठावर असताना. पहिल्या आठवड्यात काठावर बसून, मग एक गुडघा टेकून, मग उभ्याने काठावरून, आणि तिसऱ्या आठवड्यात ब्लॉकवरून. दर वेळी सहा ते आठ सूर पुरे. दमल्यावर मारलेला सूर वाईट सवय लावतो.

ब्लॉकवर उभं राहिलं की पाय लटपटतात, ही तक्रार चाळिशीनंतर हमखास येते. एक पाय पुढे, बोटं ब्लॉकच्या कडेवर घट्ट वळवलेली आणि दुसरा पाय मागे ठेवलात तर दोन्ही पाय पुढे ठेवण्यापेक्षा तोल चांगला राहतो. एवढं करूनही जमलं नाही तर मास्टर्सच्या नियमात खुली सवलत आहे: सुरुवात ब्लॉकवरून, काठावरून किंवा पाण्यात राहून भिंतीला रेटा देऊन, कशीही करता येते. पाण्यातून करायची असेल तर एक हात भिंतीला हवा. वॉर्म-अपच्या वेळीच रेफरीला विचारून ठेवा. यात कमीपणा काहीच नाही, आणि सवलत खिशात आहे एवढ्या विचारानेच कित्येकांचे पाय स्थिर होतात.

स्टार्टचा क्रमही कानात बसवून घ्या. आखूड शिट्ट्या वाजल्या की टॉवेल-ट्रॅकसूट काढायचा. लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं. मग ‘टेक युअर मार्क्स’ ऐकलं की खाली वाकून पूर्ण स्थिर व्हायचं आणि मग सिग्नल. सिग्नलआधी निघालात तर तिथेच बाद, दुसरी संधी नसते. घरच्या कुणाला तरी हा क्रम म्हणायला लावा आणि शेवटचा थांबा दर वेळी वेगळा ठेवायला सांगा, कधी एक सेकंद, कधी तीन. ठरावीक लयीची सवय लागली की स्पर्धेत नेमका पंच जास्त थांबतो आणि माणूस घरंगळतो.

गॉगल निघण्याची कारणं बहुतेक वेळा दोन. पाण्यात शिरताना नजर पुढे असली की पाणी थेट काचेवर आदळतं. डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये आणि हनुवटी आत हवी, हाताची बोटं जिथून शिरली त्याच भोकातून अंग जायला हवं. दुसरं कारण पट्टा. टोपी, तिच्यावर गॉगलचा पट्टा आणि वरून दुसरी टोपी, असं घातलं की पट्टा सरकत नाही. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांच्या खोबणीवर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर माप बरोबर. आणि आदल्या रात्री केसांना खोबरेल तेल लावू नका. तेलकट केसांवरून सिलिकॉनची टोपी भिंतीपर्यंत पोचायच्या आत वर सरकते आणि गॉगलला सोबत घेऊन जाते. केस जरा ओले करून, अंबाडा मानेजवळ खाली बांधून टोपी घाला.

तरीही गॉगल भरलाच तर? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सचा गॉगल पाण्याने भरला होता. भिंत दिसत नव्हती, तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. मोजणं तुम्हालाही जमेल. शर्यतीच्या वेगात पंचवीस मीटरला तुमचे किती हात पडतात ते आठवडाभर मोजून वहीत लिहा. समजा रेटा देऊन २४ आणि सूर मारून १९. शिवाय तळावरची काळी रेघ भिंतीआधी २ मीटरवर आडव्या पट्टीने संपते, ती अंधुक डोळ्यांनाही दिसते. एका सरावात मुद्दाम गॉगल न लावता ४ वेळा २५ मीटर पोहून बघा. डोळे थोडे चुरचुरतील, पण हे संकट एकदा अंगावर घेतलं की त्याची धास्ती उरत नाही.

पाण्यात मधेच घबराट आली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवा. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कुठलाही प्रकार पोहायला मुभा आहे. चार हात ब्रेस्टस्ट्रोक मारून, तोंड बाहेर काढून, दोन पुरे श्वास सोडून पुन्हा सुरू करता येतं. तळाला पाय टेकून उभं राहिलात तरी फ्रीस्टाइलमध्ये बाद होत नाही, फक्त चालायचं नाही आणि लेनचा दोर ओढून पुढे जायचं नाही. खरोखर बरं वाटत नसेल तर पाठीवर या, दोर धरा, हात वर करा. एक शर्यत सोडल्याने काही बिघडत नाही.

ब्रेस्टस्ट्रोकला ही मुभा नाही. तिथे घाईत दोन चुका होतात. टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागायला हवेत. धास्तीत माणूस एक हात आधी ताणतो आणि बाद होतो. आजपासून वॉर्म-अपमध्येसुद्धा एका हाताने भिंत धरू नका. दुसरं म्हणजे नियम बदललाय: तुम्ही सोडलंत तेव्हा पाण्याखालच्या पहिल्या लांब हाताबरोबर डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायचा लाटेसारखा फटका) चालत नव्हती, २००५ पासून एक चालते. ती मारायलाच हवी असं नाही. सहा आठवड्यांत नवी सवय घट्ट बसणार नसेल तर जुनाच प्रकार ठेवा. ऐन वेळी ‘मारू की नको’ असा विचार येणं जास्त महाग पडतं.

लाजेबद्दल. यातला मोठा भाग कॉस्च्युमचा असतो, आणि तो कुणी उघड बोलत नाही म्हणून इथे बोलतो. बायकांना गुडघ्यापर्यंतचा स्पर्धेचा कॉस्च्युम नियमात बसतो, लहान कापाचाच घालायला हवा असं अजिबात नाही. जो घालणार तो स्पर्धेआधी निदान तीनदा सरावात घाला, त्यातून सूर मारा, म्हणजे खांद्याला कुठे काचतो, पाठीत पाणी कुठे भरतं ते आधीच कळेल. नवा कोरा कॉस्च्युम स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा अंगावर चढवणं ही अगदी नेहमीची चूक आहे. ब्लॉकमागे बोलावेपर्यंत ट्रॅकसूट अंगातच ठेवा. नजरेची सवय व्हायला एक सोपा उपाय: शेवटच्या तीन आठवड्यांत दर रविवारी, तलावावर गर्दी असेल अशाच वेळी, एक पूर्ण नाटक करा. वॉर्म-अप, वीस मिनिटं नुसतं बसणं, शिट्टी, सूर, ५० मीटर, टाइमिंग. पहिल्या रविवारी हात थरथरतील, तिसऱ्या रविवारी कमी थरथरतील.

दुसरी लाज जुन्या टाइमिंगची. तुम्ही कॉलेजात १:१० ला शंभर मीटर पोहत असाल तर आजचा १:२४ आकडा टोचणारच. लोक तुम्हाला दारा टोरेसचं उदाहरण देतील, जिने ४१ व्या वर्षी बीजिंगला तीन रौप्यपदकं मिळवली. किंवा आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं, जो तहसीलदाराच्या नोकरीनंतर पुन्हा पाण्यात उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ त्याचं एका शतांश सेकंदाने हुकलं. दोघांबद्दल मनापासून आदर आहे, पण माप म्हणून ते तुमच्या कामाचे नाहीत. त्यांच्या सरावाचे तास वेगळे होते. मास्टर्समध्ये पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरलं जातं, म्हणजे तुम्ही ४० ते ४४ च्या गटात. त्या गटात तुमच्या नावावर आज एकही आकडा नाही. नवी वही करा, पहिल्या पानावर हीच स्पर्धा लिहा. जुनी प्रमाणपत्रं सध्या कपाटातच राहू द्या.

एक गोष्ट मात्र मनाच्या जोरावर सोडायची नाही. चाळिशीनंतर स्पर्धेआधी रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही. धडधड काठावर आल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरते. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा पोहताना अचानक दम लागून खोकल्यातून गुलाबी फेस, यांतलं काहीही झालं तर ते ‘टेन्शन’ नव्हे. ताबडतोब बाहेर या आणि डॉक्टर गाठा. तो गुलाबी फेस फुप्फुसात पाणी साठल्याची खूण असू शकते, आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. थरथर थांबवायला कुणाची गोळी मागून घेऊ नका. ठोके रोखणाऱ्या गोळ्या पोहताना लागणारे ठोकेही रोखतात आणि दमेकऱ्याला त्या घातक ठरू शकतात.

स्पर्धेच्या दिवशी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी खाऊन घ्या: दोन-तीन इडल्या किंवा कमी तेलाचे वाटीभर पोहे, तासभर आधी हवं तर अर्धं केळं. तलावाबाहेरची मिसळ शर्यत झाल्यावर. रोजचा एक कप चहा चालेल, रोज पीत नसलेली कॉफी नको. तलावावर दीड तास आधी पोचा, कारण वॉर्म-अपच्या लेनमध्ये तोबा गर्दी असते. तिथे पायानेच उतरा, सूर फक्त त्यासाठी राखलेल्या लेनमध्ये. २०० मीटर सावकाश, ४ वेळा ५० मीटर, मग ४ वेळा २५ मीटर शेवटी वेग वाढवत, आणि दोन सूर. पाचशे-सहाशे मीटरमध्ये झालं पाहिजे. मग अंग कोरडं करून गरम कपडे घाला, पायात मोजे सुद्धा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उघड्या तलावावर ओल्या अंगाने बसलात तर जी थरथर येते ती थंडीची असते आणि माणूस तिला भीती समजतो.

वाट बघणं हा सगळ्यात वाईट वेळ. स्पर्धा वेळेवर चालत नाहीत, हीट (एका वेळी पोहणाऱ्यांच्या तुकड्या) पुढे-मागे होतात. तुमच्या शर्यतीआधी किती हीट आहेत ते मोजून मनगटावर पेनाने लिहा: शर्यत, हीट, लेन. सहा हीट उरल्या की उठून हात फिरवा, जागच्या जागी पाय हलवा. दोन उरल्या की नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सात-आठ मोजेपर्यंत बाहेर, असं दोन मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांब हवा, ठोके त्याने खाली येतात. शेजारच्या लेनवाल्याला ‘तुमचं टाइमिंग किती?’ असं विचारू नका, कुणी सांगायला आलं तरी ऐकू नका. ब्लॉकमागे उभं राहून फक्त तुमच्या लेनच्या शेवटी भिंतीवरचं चिन्ह बघा. लांब शिट्टी वाजली की एक मोठा उच्छ्वास, मग ब्लॉक.

भिंत लागल्यावर लगेच बाहेर उडी मारू नका. सगळे येईपर्यंत आपल्याच लेनमध्ये दोर धरून थांबा, मग वॉर्म-अपचा तलाव असेल तर २०० मीटर संथ पोहा, नसेल तर दहा मिनिटं चाला. त्याच संध्याकाळी वहीत चार नोंदी करा: पहिल्या पन्नासचं टाइमिंग, दुसऱ्या पन्नासचं, गॉगल टिकला का, आणि ‘हूं’ कितव्या हातापर्यंत टिकला.